पत्र्याचं शेड 'तात्पुरतं' म्हटलं की परवानगी सुटते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुमच्या लक्षात येईल. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, वेंगुर्ला रोडच्या बाजूला तुमची एक एकर बारा गुंठे भातशेती आहे. उताऱ्यावर तुमच्याबरोबर दोन भावांची नावं आहेत. तिथं वीस बाय चाळीस फुटांचं पत्र्याचं शेड मारायचंय. आत ट्रॅक्टर, भाताची पोती, पिंजर (भाताचा पेंढा) आणि चार म्हशी. गोव्यातून वीस फुटी जुना कंटेनर स्वस्तात मिळतोय, तो शेडच्या बगलेत ठेवून सुगीच्या दिवसांत मजुरांची सोय करायची. आणि एका मित्राचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, त्याला शेडचा अर्धा भाग भाड्यानं द्यायचा, म्हणजे पत्र्याचा खर्च तरी निघेल. चंदगडचा मावसभाऊ म्हणतो, पाया नाही तर परवानगी नाही. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणतात अर्ज द्या. शेजारी म्हणतो आधी एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, करा. तुम्ही विचारताय, ऐकायचं कुणाचं?

पीडीओंचं ऐका. शेजारी एका गोष्टीपुरता बरोबर आहे, तिच्याकडे पुढं येते. मावसभावाचं त्याच्या गावात खरं असेलही. पण बाची सोडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत शिरलं की कायदा बदलतो, हे आपल्याकडची माणसं वारंवार विसरतात. पाहुणे तिकडचे, सोयरिकी तिकडच्या, मोबाइलवर बघतो ते सात-बाराचे व्हिडिओही तिकडचे. तिकडं १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, त्याच वर्षाचा नगररचना कायदा आणि २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. यातलं एकही पान इथं चालत नाही. आजोबांच्या काळात दोन्हीकडं मुंबईचाच कायदा होता, म्हणून जुन्या माणसांच्या बोलण्यात तो अजून येतो. १९५६ला आपण म्हैसूर राज्यात आलो आणि १९६४पासून इथं कर्नाटकचा जमीन महसूल कायदा लागू झाला. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत काहीही असो, शेडची नोटीस याच कायद्याखाली येते.

आता मुख्य मुद्दा. गेली पंचवीसेक वर्षं मी या भागात नकाशे काढते, परवान्यांच्या फायली फिरवते. 'तात्पुरतं' हा शब्द या काळात जेवढा ऐकला तेवढा दुसरा कुठला नसेल. "म्याडम, पत्राच मारायचाय की, ह्याला कसली परवानगी?" खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही तसंच समजत होते. २००३च्या सुमाराला शहराला लागून असलेल्या एका शिवारात एकांना मी तोंडी सांगितलं होतं, जोतं नाही, भिंत नाही, नुसते पाइप पुरून पत्रा टाकताय, खुशाल टाका. दोन महिन्यांनी त्यांच्या शेडच्या दाराला पिठाच्या खळीनं एक कागद चिकटवलेला होता. मजकूर सगळा कन्नड, खाली हिरव्या शाईतली सही. घरच्यांना वाटलं पल्स पोलिओचं काहीतरी असेल. मुदत उलटून गेल्यावर तो कागद सोलून, चार तुकडे जोडून माझ्याकडं आणला. ती हटवण्याची नोटीस होती. पुढं ते शेड वाचलं, पण त्यांचं अख्खं वर्ष हेलपाट्यांत गेलं, आणि माझी फी मागायची मला लाज वाटली.

त्या दिवशी घरी येऊन मी व्याख्या नीट वाचली. १९७६च्या महानगरपालिका कायद्यात 'इमारत' या शब्दात घर, तबेला, शेड, झोपडी, भिंत, ओटा हे सगळं येतं, आणि ते दगड-विटांचं असो, लाकडाचं, मातीचं, धातूचं की आणखी कशाचं, असं स्पष्ट लिहिलंय. पंचायत कायद्याची भाषाही याच वळणाची आहे. पाया किती खोल, भिंत आहे का, हे तिथं कुणी विचारत नाही. नटबोल्ट काढून उद्या उचलता येईल ही तुमची सोय झाली. परवानगीचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

मग कायदा विचारतो तरी काय? माझ्या अनुभवात तीन वेगवेगळी कार्यालयं तीन वेगवेगळे प्रश्न विचारतात, आणि लोकांचा घोळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला दिल्यामुळं.

महसूल खातं विचारतं, ही जमीन शेतीची आहे, मग वापर शेतीचाच आहे ना? इथं तुमची बाजू भक्कम आहे. जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५च्या पहिल्याच पोटकलमात शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीत शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधायचा, विहीर-तळं काढायचा हक्क दिलेला आहे. त्यासाठी एनए लागत नाही. शेतघर म्हणजे काय, हेही खाली स्पष्टीकरणात दिलंय: शेतकऱ्याच्या राहण्यासाठी, किंवा शेतीची औजारं ठेवायला आणि गुरं बांधायला शेतातच उभारलेलं बांधकाम. तुमचा ट्रॅक्टर आणि चार म्हशी यात थेट बसतात. भाताची पोती आणि पिंजर शब्दशः लिहिलेली नाहीत, पण आपल्याच रानातलं पीक आपल्याच रानात ठेवणं याला शेतीबाह्य वापर म्हणणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही.

मर्यादा एक आहे. असं बांधकाम तुमच्या धारण क्षेत्राच्या १० टक्क्यांच्या आत असावं लागतं, आणि त्यावर सरकारनं ठरवलेली कमाल हद्द असते. तुमचं क्षेत्र ५२ गुंठे. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे एकूण ५६,६२८ चौरस फूट आणि त्याचे १० टक्के साधारण ५,६६० चौरस फूट. तुमचं शेड ८०० चौरस फूट, कंटेनर वीस बाय आठ म्हणजे १६०. दोन्ही मिळून गुंठाभरसुद्धा भरत नाही. या बाजूनं काळजी नको. उतारा तिघांच्या नावावर असला तरी तुमच्या वाटणीची जमीनच हिशोबात धरा. तिसरा हिस्सा म्हणजे सतरा गुंठ्यांच्या थोडं वर, त्याचे १० टक्के सुमारे १,८८० चौरस फूट. तरीही आरामात बसतं.

आता मित्राचं. त्याच स्पष्टीकरणात पुढचं वाक्य आहे: हे शेतघर शेतकऱ्यानं स्वतःच वापरायचं, व्यापारी कामासाठी कुणा व्यक्तीला किंवा संस्थेला भाड्यानं द्यायचं नाही. ज्या दिवशी मंडपाच्या कमानी, खुर्च्या, झालरी आणि जनरेटर तुमच्या शेडात येतील त्या दिवशी ते शेतघर राहत नाही, गोदाम होतं. भाडं रोख घेतलं, करार केला नाही, 'मित्राचं सामान नुसतं ठेवलंय', ही सगळी उत्तरं मी लोकांना चौकशीत देताना पाहिली आहेत. ती टिकत नाहीत, कारण शेडासमोर दर लग्नसराईला टेम्पो उभा असतो आणि तो सगळ्या गावाला दिसतो. मग कलम ९६ लागतं: दंड आणि वापर पूर्ववत करण्याचा आदेश. शेजारी एनए म्हणतो ते एवढ्यापुरतं बरोबर आहे.

मित्राला जागा द्यायचीच असेल तर तेवढ्या तुकड्याचीच एनए करा. त्यासाठी आधी अकरा-ई स्केच, म्हणजे तेवढ्या तुकड्याचा मोजणी नकाशा, काढावं लागेल, मग जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज. अर्ज आता ऑनलाइन, शपथपत्रासह जातो. पण एनए मिळणार का हे शेवटी त्या जागेचा झोन काय आहे, म्हणजे आराखड्यात ती शेतीची, रहिवासी की आणखी कशाची दाखवलीय, यावर ठरतं, शिवाय उतारा सामाईक. खर्च आणि वेळ बघता चार-दोन हजारांच्या महिना भाड्यासाठी मी स्वतः हे करणार नाही. काही जण उत्साहात अख्खा सर्व्हे नंबर एनए करून घेतात आणि नंतर शेतकरी म्हणून मिळणाऱ्या सवलतींसाठी दारोदार फिरतात. तसं तर अजिबात करू नका.

दुसरं कार्यालय नगररचनेचं. ते विचारतं, ही जागा मास्टर प्लॅनमध्ये कुठल्या रंगात आहे? १९६१च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली शहराभोवतीच्या पट्ट्याचा विकास आराखडा असतो. बेळगावपुरतं हे काम बुडाकडं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडं, आहे. हिंडलगा, कंग्राळीसारखी शहराला चिकटलेली गावं या कक्षेत येतात. जसजसं पश्चिमेला सीमेकडं जाल तसतसं गाव आत की बाहेर, आणि एकाच गावातला कुठला सर्व्हे नंबर आत, हे कागदावरच बघावं लागतं. तुमच्या गावाबद्दल अंदाजानं बोलण्यात अर्थ नाही. बुडात सर्व्हे नंबर आणि उताऱ्याची प्रत देऊन झोनचा दाखला मागा. गाव कक्षेत नसेल तर तसं लेखी मिळतं, तोही कागद पुढं उपयोगी पडतो.

कृषी झोन निघाला तर गोठा, अवजारघर, शेतमाल साठवण याला साधारणपणे अडचण येत नाही, मात्र शेतघराचं क्षेत्र आणि रस्त्यापासूनचं अंतर यांच्या अटी त्या आराखड्याच्या नियमावलीत असतात, त्या पाळाव्या लागतात. रहिवासी झोन निघाला तर लोकांना आनंद होतो, पण तिथं चार म्हशींचा गोठा ही उलट अडचण ठरू शकते. आणि नकाशावर तुमच्या तुकड्यावरून आखलेला रस्ता जात असेल तर शेड दुसरीकडं सरकवा, एवढंच सांगेन. रिंगरोडच्या आखणीत ज्यांची जमीन गेलीय त्या शेतकऱ्यांना विचारा. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाल्यानंतर उभ्या केलेल्या बांधकामाची भरपाई मागायला गेलं की पहिला प्रश्न तारखेचाच येतो. झोनचा दाखला घेताना तुमचा नंबर कुठल्या संपादनात आहे का हेही तलाठ्याकडं विचारून घ्या. तलाठ्यांना आता ग्राम प्रशासन अधिकारी म्हणतात, पण तलाठी म्हटलं तरी ते ओ देतात.

तिसरं कार्यालय तुमची ग्रामपंचायत. ती विचारते, आमच्या हद्दीत काय उभं राहतंय? १९९३च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणं पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय इमारत उभारता येत नाही, आणि इमारतीत शेड येतं हे वर आलंच. पीडीओ अर्ज द्या म्हणतात ते यासाठी. महसूल कायद्यानं दिलेला शेतघराचा हक्क दाखवून पंचायतीचा अर्ज टाळता येत नाही. पहिला हक्क जमिनीच्या वापराबद्दलचा आहे, दुसरी परवानगी बांधकामाबद्दलची. इथंच बरेच जण फसतात. "तहसीलदार काही म्हणाले नाहीत" हे पंचायतीत उत्तर होत नाही.

गावात आणखी एक पद्धत चालते. सदस्य म्हणतात, "लिहून कशाला द्यायचं, बांधा की, आम्ही आहोत." ते मनापासून म्हणतात. पण सदस्यांची मुदत पाच वर्षांची आणि पत्र्याची वीस. मी म्हणते, अर्ज कन्नडमध्ये करा, सोबत उतारा, जागेचा कच्चा नकाशा, शेडची लांबी-रुंदी-उंची आणि वापर काय ते चार ओळींत. वापराच्या ओळीत 'शेतीची अवजारं, शेतमाल, वैरण व जनावरं' असं खरं तेच लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. कन्नड लिहिता येत नसेल तर गावातल्या शाळेत जाणारी कुठलीही पोरगी लिहून देईल. त्यात कमीपणा काही नाही. शेडच्या दारावर पोलिओचं पोस्टर समजून नोटीस मुदत उलटेपर्यंत ठेवण्यापेक्षा ते बरं.

घरपट्टीबद्दलचा गैरसमजही इथंच सांगते. पंचायतीनं शेडवर कर बसवला, फॉर्म ११-ब मिळाला, म्हणजे शेड कायदेशीर झालं असं लोक धरून चालतात. कर हा वापराचा असतो. अनधिकृत बांधकामालाही तो लागतो, आणि ११-ब हा नेमका त्याच प्रकारच्या मिळकतींचा उतारा आहे. पावत्यांची फाइल जपा, पण तिच्या जोरावर भांडू नका.

थोडक्यात इथवरचा हिशोब: स्वतःच्या पिकासाठी, अवजारांसाठी, म्हशींसाठी शेड असेल तर एनए नको, झोनचा दाखला आणि पंचायतीची लेखी परवानगी हवी. मित्राचं सामान आलं की एनएचा प्रश्न उभा राहतो. शेड पाइपचं की विटांचं, याचा या हिशोबाशी संबंध नाही.

हे सगळं ग्रामपंचायतीच्या हद्दीपुरतं. वाचणाऱ्यांत शहरातलेही असतील. शहापूर, वडगाव, अनगोळ ही महापालिकेची हद्द, तिथं १९७६च्या कायद्याप्रमाणं महापालिकेचा बांधकाम परवाना लागतो. पावसाळ्यापुरता म्हणून घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकला आणि तो दिवाळीतही तसाच राहिला, अशा तक्रारी तिथं जास्त. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड, त्याचा २००६चा केंद्राचा कायदा. तिथं तर साधी ताडपत्रीची पडवीसुद्धा विचारून करावी. खानापूर आणि निपाणी शहरात त्यांच्या त्यांच्या नगरसंस्था. निपाणी, संकेश्वर, काकतीकडं ज्यांची शेती पुणे-बेंगळुरू महामार्गालगत आहे त्यांनी रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरची इमारत रेषा आणि ७५ मीटरची नियंत्रण रेषा ध्यानात ठेवावी. भाजी विकायचं खोपटं त्याच रेषेत येतं आणि पहिलं तेच उचललं जातं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगडच्या बाजूला, आधी वनखात्याची हद्द बघावी. आणि गायरानात, सरकारी पडात शेड मारायचा विचार कुणी करत असेल तर तो आजच सोडावा. तिथं 'तात्पुरतं' म्हटलं काय आणि 'कायमचं' म्हटलं काय, ते अतिक्रमणच. जमीन बळकावण्याविरुद्ध २०११चा वेगळा कायदा आणि वेगळं न्यायालय आहे.

तुमच्या कंटेनरकडं येऊ. कंटेनरला पाया नसतो, म्हणून तो बांधकाम नाही, असं विकणारा सांगणारच. ट्रेलरवर आहे तोवर ते सामान. क्रेननं उतरवून, खाली चार दगडी चौथरे करून, खिडकी कापून, बल्ब लावून त्यात माणसं राहिली की धातूची खोली झाली. म्हणून शेडच्याच अर्जात तो दाखवा, वेगळा लपवू नका. मजूर तुमच्याच शेतकामावरचे आणि सुगीपुरते असतील तर त्याला कुणी शेतीबाह्य म्हटल्याचं माझ्या बघण्यात नाही. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानात कोप्या घालतात, फड संपला की कोप्या जातात. पण तुमच्या कंटेनरमध्ये दुसऱ्याच्या वीटभट्टीवरची माणसं भाड्यानं राहायला लागली तर मित्राच्या मंडपाचीच गोष्ट पुन्हा.

कायद्याखेरीज एक सांगते, कारण मी त्यात उभी राहून बघितलंय. एप्रिलच्या दुपारी बंद कंटेनरमध्ये पाच मिनिटं थांबवत नाही. पत्र्याला हात लावला की चटका. वर फूटभर जागा सोडून दुसरा पत्रा टाका, समोरासमोर दोन खिडक्या कापा, शौचालय आणि पाण्याची टाकी धरूनच जागा आखा. आणि पिंजर तिथून लांब. पिंजराच्या गंजीजवळ चूल, विडी किंवा लोंबती वायर असली की जानेवारी ते एप्रिल या दिवसांत काय होतं ते दरवर्षी पेपरात येतं. शेडातसुद्धा पिंजर एका टोकाला, म्हशी दुसऱ्या टोकाला, मध्ये ट्रॅक्टर नको, त्यात डिझेल असतं. ट्रॅक्टर बाहेरच्या तोंडाला.

विजेचं बरेच जण विसरतात. पंपसेटची १० एचपीपर्यंतची वीज शेतीसाठी फुकट आहे, पाणी उपसायला. त्या जोडणीवरून शेड, कंटेनर, कडबाकुट्टी चालवली तर २००३च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागू शकतं, आकारणी दुप्पट दरानं होते. हेस्कॉमकडं, म्हणजे आपल्या वीज कंपनीकडं, शेडसाठी वेगळा मीटर मागा. मीटर मागायला गेलात की पंचायतीचा कागद विचारतात, म्हणजे सगळं फिरून तिथंच येतं. वरून लाइन जात असेल तर जागा ठरवतानाच मोजा: ११ केव्हीची तार असेल तर शेडपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि वर ३.७ मीटर, ३३ केव्ही असेल तर आडवं २ मीटर. साध्या लाइनखाली वर २.५ मीटर. ही अंतरं तार उन्हानं झोल खाऊन सर्वांत खाली येते तेव्हाची, सकाळच्या थंडीत मोजलेली नव्हे. माझा सल्ला, तारेखाली पत्रा घालूच नका.

आता नोटिसा येतात कुठून ते. कार्यालयातला माणूस उठून शिवार बघायला येतो असं फारसं होत नाही. माझ्याकडं आलेल्या बहुतेक प्रकरणांत मूळ तक्रार शेजाऱ्याची किंवा भाऊबंदांची होती, आणि कारण शेड नव्हतंच. कारण पागोळ्या होत्या. आपल्याकडच्या पावसात वीस फूट उताराचं पाणी एका कडेनं पडतं, बांध फुटतो, शेजाऱ्याच्या रोपात खड्डा पडतो. मग तो पंचायतीत जातो आणि परवानगी विचारतो. म्हणून उतार आपल्याच रानाकडं द्या, नाहीतर पन्हाळ लावून पाणी आपल्याच चरीत घ्या, बांधापासून निदान पाच-सहा फूट आत या. भावांचं त्याहून नाजूक. उतारा सामाईक असताना एकट्यानं शेड मारलं की पुढं वाटणीच्या दिवशी तीच जागा सगळ्यांना हवी असते. दोघा भावांची संमती साध्या कागदावर नको, नोटरीसमोर घ्या, आणि नकाशात शेडची जागा दाखवून त्यावर तिघांच्या सह्या. सध्या बोलणं-चालणं चांगलं आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणूनच आत्ता घ्या.

आणखी एक शेड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. खानापूरच्या वाटेवर, जूनचा पहिला आठवडा. मालकानं पैसे वाचवायला पत्रे जे-हुकांनी बसवले होते, तेही एकाआड एक पर्लिनवर (पत्रा टेकतो त्या आडव्या पट्टीवर), आणि उघडं तोंड नैऋत्येला. वळवाचं एकच वारं आत शिरलं आणि पत्रा खालून फुगला. आधी एक कोपरा वाजायला लागला, ताटावर डाव आपटावा तसा, मग दोन हुक सरळ झाले आणि अख्खा पत्रा शेजारच्या उसात जाऊन उभा रुतला. सुदैवानं रानात माणूस नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याचा फोटो तक्रार अर्जाला जोडलेला होता. तुम्ही उघडं तोंड पूर्वेला ठेवा, नैऋत्येची बाजू वरपर्यंत बंद, पत्र्याची एकावर एक चढती वाऱ्याच्या उलट दिशेला, आणि स्क्रू प्रत्येक पर्लिनवर, रबरी वॉशरसह. पाइप नुसते पुरू नका, खाली काँक्रीटचा गठ्ठा घाला. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, गठ्ठा उथळ असला की शेड एका बाजूला कलतं. मुरूम लागेपर्यंत खणा. काँक्रीट घातलं म्हणून शेड 'कायमचं' होईल आणि परवानगी लागेल, ही भीती बाळगू नका, परवानगी काँक्रीट असो-नसो लागतेच.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात भावांशी बोलून संमती, पुढच्या आठवड्यात बुडाचा झोन दाखला आणि तलाठ्याकडून ताजा उतारा, तो हातात आला की पंचायतीत अर्ज. दाखल्यात काही वेगळं निघालं, म्हणजे रस्ता, रहिवासी झोन वगैरे, तर तो कागद दाखवून पुन्हा विचारा, माझं उत्तर तेव्हा बदलेल. मित्राला आत्ताच नाही म्हणून सांगा, म्हणजे तो वेळेत दुसरी जागा बघेल. कंटेनरची विसार रक्कम मात्र अर्जाची पोच मिळाल्याशिवाय देऊ नका. आणायचा तर पावसाळ्याआधी आणा. गोव्याहून येतानाच्या चोर्ला घाटात पावसाळ्यात अवजड गाड्यांना बरेचदा बंदी येते, आणि ट्रेलर कसाबसा पोचला तरी भाताच्या ओल्या रानात दोन-सव्वादोन टनांचा डबा उतरवायला क्रेन आत येत नाही. तासाचं भाडं चालू राहतं आणि डबा रस्त्याच्या कडेला.